माळव्याची सहल आणि पोटाचे दुखणे

आषाढ-श्रावणात मांडवगडावर ज्याने एक दिवस घालविला असेल, त्याला तो सहसा विसरता येत नाही. मुंज तलाव आणि कपूर तलाव भरलेले असतात, त्यांच्यामध्ये जहाजमहाल जणू पाण्यावर तरंगत असतो आणि दरीतून वर आलेले ढग माणसाच्या अंगावरून जातात. धारहून हे स्थळ सुमारे ३५ किलोमीटरांवर. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने १९४८ साली मध्य भारतात विलीन झाली. तथापि तेथील मराठी घरे आणि त्यांचे आपल्याकडील सोयरसंबंध संस्थानांबरोबर संपले नाहीत. कुणाची आत्या धारला असते, तर कुणाची मावशी देवासला. त्यामुळे पुण्या-मुंबईकडील कुटुंबांची माळव्याची सहल ही निम्मी सहल असते आणि निम्मा पाहुणचार.

परंतु मांडूचे जे दिवस डोळ्यांना सर्वांत रमणीय, तेच पोटाला सर्वांत धोक्याचे असतात. पावसाळ्यात जुलाब आणि वांत्या यांचे दुखणे, ज्याला आपण हल्ली सरसकट गॅस्ट्रो म्हणतो, सर्वत्र डोके वर काढते. ते कसे टाळावे आणि टळले नाही तर काय करावे, याविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

प्रथम पाण्याविषयी. पावलापावलावर पाणी मिळणारा प्रदेश अशी माळव्याची जुनी ख्याती आहे. त्याच माळव्यातील देवासला १९९० साली रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पाणी तुटपुंजे झाले की नळ थोडाच वेळ सुटतो. उरलेला वेळ नळी रिकामी राहते आणि तिचा एखादा सांधा निसटलेला असला तर बाहेरची घाण आत ओढली जाते. हा दोष लहान गावांचाच आहे असे नाही. स्वच्छतेच्या स्पर्धेत वर्षानुवर्षे देशात पहिले येणाऱ्या इंदूर शहरात, २०२५ च्या डिसेंबरअखेर, भागीरथपुरा वस्तीतील पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले, असंख्य माणसे आजारी पडली आणि काहींना प्राणास मुकावे लागले. धारहून देवासला जाणारी वाट याच शहरावरून जाते.

यावर कुणी म्हणेल, ‘आम्ही पाणी पाहूनच पितो.’ जहाजमहालात गेलात तर पाण्याच्या हौदाकडे नेणारी दगडी पन्हळ अवश्य पाहा. शंखासारखी वळणे देऊन ती कोरली आहे. पाणी त्या वळणांतून संथ फिरते, गाळ मागे राहतो आणि हौदात नितळ पाणी उतरते. पंधराव्या शतकातील त्या कारागिरांचे कौशल्य वाखाणण्यासारखे आहे. परंतु नितळ पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी नव्हे. पन्हळ जे काम करते, तेच आपले चारपदरी फडके करते. त्याने गाळ अडतो, रोगजंतू अडत नाहीत. पाण्याला खळखळून उकळी येऊन निदान एक मिनिट झाले पाहिजे, किंवा क्लोरीनची गोळी वेष्टनावरील सूचनेप्रमाणे टाकून पाणी अर्धा तास ठेवले पाहिजे. विकतची बाटली घेतल्यास तिचे झाकण शाबूत आहे ना, हे पाहावे. उसाच्या रसातील बर्फही पाण्याचाच असतो आणि दात घासताना तोंडात घेतलेले पाणी हेही पाणीच, याचा पुष्कळांना विसर पडतो.

खाण्याच्या बाबतीत नियम सोपा आहे. कढईतून समोर उतरलेली कचोरी, वाफाळलेले पोहे किंवा तुपात बुडविलेले गरम बाफले यांचे भय फारसे नाही. भय आहे ते कापून ठेवलेल्या फळांचे, पाण्यात कालवलेल्या गार चटणीचे आणि सकाळी शिजवून दुपारपर्यंत उघडे राहिलेल्या अन्नाचे. फळ घ्यावे ते आपल्या हाताने सोलता येईल असे.

आता समजा, पुण्याचे एक सहा माणसांचे कुटुंब धारला आत्याकडे उतरले, दुसऱ्या दिवशी मांडू पाहून आले आणि तिसऱ्या दिवशी टेकडीवरील देवीच्या दर्शनासाठी देवासला पोहोचले. त्या रात्री चार वर्षांच्या धाकट्याला एकाएकी वांती झाली, मागोमाग पातळ जुलाब सुरू झाले. ‘आज काय खाल्ले?’ असा शोध लगेच सुरू होतो. परंतु नोरो नावाचा विषाणू शरीरात शिरल्यापासून दुखणे दिसू लागेपर्यंत साधारणपणे १२ ते ४८ तास जातात. म्हणजे संसर्ग आज नव्हे, काल किंवा परवा झालेला असू शकतो. शिवाय तो अन्नातूनच झाला असेल असे नाही. एखाद्या आजारी मुलाचा हात लागलेला कठडा पुरेसा असतो. ज्यांच्या घरी उतरलो, त्यांच्या स्वयंपाकाला दोष देण्याची घाई म्हणूनच कुणी करू नये.

इतक्यात आजी कळवळून म्हणतात, ‘सूनबाई, पाणी देऊ नकोस ग, पुन्हा ओकेल. पोटाला जरा विसावा मिळू दे.’ हे शब्द मायेचे आहेत, परंतु या दुखण्यातील सर्वांत घातक चूक त्यांतच आहे. जगात पाच वर्षांखालील चार लाखांहून अधिक मुले दर वर्षी अतिसाराने दगावतात. त्यांतील पुष्कळांचा घात शरीर शुष्क पडल्यामुळे होतो. जुलाबातून पाणी आणि क्षार वाहून जातात. ते तितक्याच वेगाने परत मिळाले नाहीत तर रक्ताभिसरण मंदावते. वांती झाली तरी पाणी थांबवावयाचे नाही. दहा मिनिटे थांबावे आणि मग चमच्याचमच्याने, सावकाश पुन्हा सुरू करावे.

कोणते पाणी? नुसते नव्हे, तर साखर आणि मीठ योग्य प्रमाणात असलेले, ज्याला आपण जलसंजीवनी म्हणतो. आतडे कितीही बिघडले तरी साखर आणि मीठ एकमेकांच्या सोबतीने त्याच्या भिंतीतून आत जातात आणि पाण्याला बरोबर नेतात, हा त्यामागील सिद्धांत. रॉबर्ट क्रेन यांनी तो १९६० साली मांडला. त्याचे सामर्थ्य जगाला दिसले ते आपल्याच देशात. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ उसळली. शिरेतून द्यावयाच्या सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे मिश्रण पाण्यात कालवून ते पाजण्याचे काम रुग्णांच्या आप्तांकडेच सोपविले. ३० टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. आईच्या हातातील पेला त्या छावणीत सलाइनच्या बाटलीची जागा घेऊ शकला, ही गोष्ट प्रत्येक घराने ध्यानात ठेवावी.

औषधांच्या दुकानात जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे केलेली पुडी मागावी. सरकारी आरोग्यकेंद्रांत ती विनामूल्य मिळते. एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच घालावी, अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकू नये. कालवलेले पाणी चोवीस तासांत संपवावे. नावात तीच तीन अक्षरे मिरविणारी गोड पेये पुष्कळ वर्षे विकली जात होती. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ च्या ऑक्टोबरात त्या नावाला मनाई केली. अतिगोड पेयाने जुलाब वाढतात, म्हणून ते पर्याय ठरत नाही. पुडी नसेलच तर एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलास १०० ते २०० मिलिलिटर आणि मोठ्यांस हवे तितके द्यावे.

मुलाला उपाशीही ठेवू नये. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध चालूच राहावे. इतरांस मुगाची मऊ खिचडी, पेज, केळे, दही असे थोडे थोडे द्यावे. जस्ताची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने १० ते १४ दिवस दिल्यास दुखणे लवकर आटोपते. जुलाब एकदम थांबविणारे औषध मुलांना देऊ नये. विषाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत, म्हणून तीही मनाने घेऊ नयेत.

एकाची शुश्रूषा करताना दुसरे पाच सांभाळावयाचे, हे यापुढचे काम. येथे हाताला चोळावयाच्या सॅनिटायझरवर विसंबू नये. नोरो विषाणूपुढे तो दुबळा आहे. साबण आणि वाहते पाणी यांनी वीस सेकंद हात धुणे हाच खरा उपाय. वांती पडलेली जागा कोरड्या झाडूने झाडू नये. हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवून ती कागदाने टिपावी. मग एक भाग घरगुती ब्लीच आणि दहा भाग पाणी यांनी जागा ओली करून पाच-दहा मिनिटांनी पुसावी. हे ब्लीच दुसऱ्या कोणत्याही सफाईच्या द्रवात मिसळू नये. आजाऱ्याचा पेला, टॉवेल वेगळा ठेवावा, शक्य तर संडासही. जो आजारी पडला त्याने बरे वाटू लागल्यानंतरही निदान दोन दिवस स्वयंपाकाला हात लावू नये. आत्याला मदत करण्याचा सुनेचा उत्साह स्तुत्य असला तरी त्या दोन दिवसांत तिने पोळ्या लाटू नयेत, हीच खरी मदत होय.

घरगुती उपाय कोठे थांबवावेत, हेही कळले पाहिजे. मूल सुस्त पडले, पाणी पिऊ शकेनासे झाले, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती सावकाश खाली बसू लागली, सहा तासांत लघवी झाली नाही, शौचात रक्त आले, ताप फार चढला किंवा वांती थांबेचना, तर उजाडण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मध्य प्रदेशातही मिळते. तान्हे बाळ आणि वृद्ध माणूस यांच्या बाबतीत तर अधिकच लवकर. नातवाच्या काळजीत गुंतलेल्या आजींना स्वतःला जुलाब होत असले तरी त्या बोलत नाहीत. त्यांना कुणीतरी विचारले पाहिजे.

निघण्यापूर्वीची तयारी फार मोठी नाही. साबणाची वडी, जलसंजीवनीच्या चार-सहा पुड्या, क्लोरीनच्या गोळ्या, एक लिटर मापाची बाटली आणि चहाचा चमचा एवढे एका पिशवीत मावते. घरात तान्हे बाळ असेल तर रोटा विषाणूची लस वेळेवर दिली आहे ना, हे पाहावे. राष्ट्रीय कार्यक्रमात ती २०१६ पासून दिली जाऊ लागली. १९७३ साली रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलबर्न येथे शोधलेला हा विषाणू लहान मुलांच्या तीव्र जुलाबांचे एक मोठे कारण आहे.

उज्जैनचा पुढचा सिंहस्थ २०२८ साली आहे आणि देवास तेथून फार दूर नाही. त्या वेळी याच वाटांवर लक्षावधी माणसे असतील आणि पाण्यावर, हातांवर, पंगतींवर ताण पडेल. तेव्हा उपयोगी पडणारी सवय आजच्या लहान सहलीतच लागू द्यावी.

आपल्या त्या कुटुंबाकडे परत येऊ. आईने रात्रभर चमच्याचमच्याने पाणी पाजले, वडिलांनी फरशी धुतली आणि सर्वांनी हात धुतले. पहाटे धाकट्याने लघवी झाल्याचे सांगितले. ते ऐकून आई निर्धास्त झाली. दर्शन दोन दिवस पुढे गेले, इतकेच. टेकडी काही कोठे जात नाही.