वारुळावरून बाजारात

पावसानं जोर धरला, विजा कडाडल्या, की सत्तरी, सांगे, काणकोणातली जुनी माणसं ओळखीच्या वारुळांकडे फेरी मारतात. गेल्या तीस-चाळीस वर्षांत गोव्याच्या अळमीभोवतीचं, म्हणजे वारुळावर उगवणाऱ्या अळंबीभोवतीचं, बरंच काही बदललं. हे वेळापत्रक तेवढं तसंच आहे.

ते बदलणं माणसाच्या हातात नाही. १९४२ साली रॉजर आइम या फ्रेंच शास्त्रज्ञानं हिच्या प्रजातीला (genus) टर्मिटोमायसिस हे नाव दिलं. वाळवी पालापाचोळा चावून वारुळात बुरशीचे वाफे लावते, बुरशी तो पचण्याजोगा करून देते. हा संसार सुमारे ३ कोटी वर्षांचा. धिंगरी पेंढ्यावरही येते, हिला मात्र वारूळच लागतं. म्हणून हिची शेती होत नाही.

पूर्वी घरात खाऊन उरलेली अळमी सागाच्या पानांत बांधून बाजारात जाई. पुढे रस्ते झाले, शहरातलं गिऱ्हाईक मोटारीनं गावापर्यंत आलं आणि शेकड्याचा भाव चढत गेला. श्रावणात तर विचारू नये! मनुस्मृतीनं कवकं निषिद्ध ठरवली आहेत, पण सामिष सोडलेली कितीतरी घरं महिनाभर हिच्यावरच मटणाची हौस भागवतात.

त्यात चूक काही नाही. लांब देठ चिकनसारखा तंतूंनी सुटतो, छत्री मऊ राहते आणि रश्शाला मांसाहाराची भरीव चव येते. मुळाकडची माती सुरीनं खरवडून, चार पाण्यांनी धुऊन घ्यायची. तिथे आळस केला तर दाताखाली कचकच ठरलेली. हल्ली सर्रास शाकुती करतात. माझ्या मते भाजलेल्या खोबऱ्याचा, खसखस-जायफळाचा तो मसाला अळमीला बोलूच देत नाही. कांदा, हिरवी मिरची, हळद, थोडं ओलं खोबरं, शेवटी दोन सोलं, बस्स. आणि त्याच दिवशी शिजवावी, दुसऱ्या दिवशी ती काळवंडते.

बाजारानं एक वाईट खोड लावली. गिऱ्हाइकाला मिटलेली कळी हवी असते. छत्री उघडण्याआधीच खुडली की बीजाणू जंगलात पडतच नाहीत. घाईत वारूळ उकरलं तर खालचा वाफाच मोडतो. १९९९ साली म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्यं झाली. तिथून वनउपज काढायला परवानगी लागते. पण कळीची मागणी गिऱ्हाइकाचीच, म्हणून रस्त्याकडेला पानांच्या पुड्या घेऊन बसलेल्या बाईशी घासाघीस करणाऱ्यानं तिला उमललेली अळमीही मागून पाहावी. रश्शात ती तितकीच चांगली लागते.