नीरा-भीमेचे पाणी आणि मध्यम भाजलेली कॉफी

गाळून तयार झालेल्या काळ्या कॉफीत अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचा असतो आणि दाण्यातून विरघळून आलेले घटक जेमतेम सव्वा टक्का भरतात. असे असूनही कॉफी मनासारखी उतरली नाही की दोष पुडीला किंवा ती करणाऱ्या हाताला दिला जातो, पाण्याकडे सहसा कोणी पाहत नाही. बारामती आणि इंदापूर या पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांत तरी हा क्रम उलटा ठेवणे श्रेयस्कर ठरते, कारण मध्यम भाजलेल्या कॉफीचे जे खास गुण आहेत, नेमके तेच इथल्या पाण्यात सर्वांत आधी हरवतात.

हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भाटघरच्या धरणावर आधारलेला नीरा डावा कालवा या भागात आला, त्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि पुढे भीमेवरील उजनी धरणाचा फुगवटा इंदापूर तालुक्याच्या उत्तर सीमेला टेकला. परंतु काळ्या जमिनीला वर्षानुवर्षे पाणी देत राहिल्याने आणि निचरा अपुरा पडल्याने जमिनीतले क्षार वर येतात. क्षारपड जमीन हा शब्द म्हणूनच इथल्या शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. दुष्काळ, क्षारता आणि उथळ मुरमाड जमीन अशा अडचणींवर काम करणारी राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था 2009 साली बारामतीजवळ माळेगाव खुर्द येथेच स्थापन झाली, हे प्रदेशाच्या स्वभावाला धरूनच झाले. बेसाल्ट खडकातून झिरपत आलेले विहिरीचे व बोअरचे पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट सोबत घेऊन येते. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजायला नको तितका वेळ घेते आणि पातेल्याच्या तळाशी पांढरा थर धरतो, ते हे जड, म्हणजेच शालेय पुस्तकातले दुष्फेन, पाणी होय.

अशा पाण्याने मध्यम भाजलेल्या कॉफीचे नुकसान का होते, हे समजण्यासाठी भाजण्याची क्रिया थोडी पाहावी लागते. कॉफीचा कच्चा दाणा हिरवट असतो व त्यात दहा ते बारा टक्के ओलावा असतो. दाणा तापत गेला की त्यातील शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यात मायार अभिक्रिया सुरू होते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी 1912 साली वर्णन केलेली ही अभिक्रिया भाकरीच्या पापुद्र्यालाही रंग आणि वास देते. पुढे साधारण 196 अंश सेल्सिअसला दाण्यातली वाफ व वायू बाहेर पडताना तडतड असा आवाज होतो, त्याला पहिला तडा म्हणतात. त्यानंतर थोडा वेळ भाजून, दुसरा तडा सुरू होण्याआधी दाणा उतरवला की तो मध्यम भाजलेला समजतात. त्याचा रंग तपकिरी असतो, पृष्ठभागावर तेल सुटलेले नसते, आणि चवीत भाजल्याचा गोडसरपणा तसेच फळासारखा सौम्य आंबटपणा दोन्ही टिकून असतात. अधिक भाजल्यास हा आंबटपणा जळतो व कडूपणा पुढे येतो. जड पाण्यातील बायकार्बोनेट हे आम्लांना निष्प्रभ करते, त्यामुळे ज्या आंबटपणासाठी मध्यम भाजलेला दाणा निवडला तोच नाहीसा होतो आणि कॉफी खडूसारखी सपाट लागते. गडद भाजलेल्या, चिकोरी मिसळलेल्या कॉफीला हेच पाणी फारसे बाधत नाही, कारण तिथे गमावण्यासारखे आम्ल मुळात थोडेच उरलेले असते.

यावर आरओचे पाणी वापरावे, असा सोपा उपाय सुचतो. घरोघरी बसवलेले यंत्र किंवा दुकानातून येणारा वीस लिटरचा जार यांमुळे तो हाताशीही आहे, पण तो पुरा नाही. क्रिस्टोफर हेंडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाण्यातील मॅग्नेशियम व कॅल्शियमचे आयन कॉफीतील चवीचे घटक ओढून घेण्यास मदत करतात, असे मांडले आहे. आरओमधून हे आयन जवळजवळ निघून जातात आणि कॉफी पातळ, टोचरी उतरते. पाण्यात विरघळलेल्या एकूण घन पदार्थांचे प्रमाण, म्हणजे व्यवहारातला टीडीएस, भारतीय मानकानुसार पिण्यासाठी लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावे व दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालते. कॉफीच्या व्यावसायिकांनी मात्र आपले लक्ष्य 150 च्या आसपास ठेवले आहे. समजा, बोअरच्या पाण्याचा टीडीएस 900 आणि आरओचा 50 असेल, तर एक भाग बोअर आणि सात भाग आरओ मिसळल्यास तो 156 च्या जवळ येतो. हिशेब सोपा असला तरी टीडीएस मोजणारे छोटे उपकरण कॅल्शियम आणि साधे मीठ यांत फरक करत नाही, हे विसरून चालणार नाही. पाणी जिभेला खारट लागत असेल तर त्याचा एक भागही मिसळू नये. तिथे पालिकेचे नळाचे पाणी आरओत मिसळणे बरे. ज्या घरी आरओ नाही त्यांनी पाणी दहा मिनिटे खळखळ उकळून, रात्रभर निवू देऊन, वरचे निवळलेले पाणी अलगद ओतून घ्यावे. उकळल्याने बायकार्बोनेटचा बराचसा भाग कार्बोनेटच्या रूपात तळाला बसतो; क्लोराइड व सल्फेटमुळे आलेला कायमचा जडपणा मात्र याने जात नाही.

दाण्यांविषयी थोडक्यात सांगता येते. देशातील कॉफीचा मोठा वाटा कर्नाटकात पिकतो. महाराष्ट्रात चिखलदऱ्याचा अपवाद सोडला तर कॉफीची लागवड नावापुरतीही नाही, तेव्हा बारामतीकराला ती बाहेरूनच आणावी लागते. पाकिटावर प्लँटेशन लिहिलेले असेल तर तो धुऊन वाळवलेला अरेबिका असतो आणि चेरी म्हणजे फळासकट वाळवलेला दाणा. चिकोरी मिसळली असल्यास तिचे प्रमाण लिहिलेले असते व ते कायद्याने 49 टक्क्यांपर्यंत असू शकते. मध्यम भाजलेल्या कॉफीची चव घ्यायची तर हा आकडा शून्य असलेलेच पाकीट घ्यावे. भाजल्याची तारीख पाहावी, पहिले चार-पाच दिवस दाण्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जाऊ द्यावा आणि पुढच्या महिनाभरात दाणे संपवावेत. चाळिशी गाठणाऱ्या एप्रिल-मे महिन्यांत घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा शेगडीपासून लांब, घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात असावा.

प्रत्यक्ष कृतीला महागडे यंत्र लागत नाही. समुद्रसपाटीपासून पाचशे-साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने या भागात पाणी साधारण 98 अंशांनाच उकळते. गॅस बंद करून अर्धे मिनिट थांबले आणि ते दुसऱ्या भांड्यात ओतले की तापमान नव्वदीच्या पहिल्या टप्प्यात येते, आणि मध्यम भाजलेल्या दाण्याला नेमके तेवढेच हवे असते. तीनशे मिलिलिटर पाण्यास अठरा ग्रॅम पूड घ्यावी, म्हणजे एकास सतराच्या आसपास प्रमाण साधते. पूड जाड रव्याइतकी असावी. घरच्या मिक्सरमध्ये दळताना भांडे एकसारखे फिरवत ठेवल्यास पूड तापते व काही भाग पिठासारखा होतो, म्हणून दोन-दोन सेकंद फिरवून मध्ये भांडे हलवावे. पुडीवर आधी ती भिजेल इतकेच पाणी ओतावे. ताजी कॉफी या वेळी फुगून बुडबुडे सोडते, शिळी तशीच पडून राहते. अर्ध्या मिनिटाने उरलेले पाणी ओतून, एकदा ढवळून, झाकण ठेवून चार मिनिटे थांबावे आणि धुतलेल्या मलमलीतून गाळावे. आंबट व पाणचट लागल्यास पूड बारीक करावी, कडू व तुरट लागल्यास जाड. प्रमाण आणि वेळ यांना त्याच वेळी हात लावू नये, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.

मराठी घरांतील जुनी रीत याहून फार निराळी आहे. तिथे दूध, साखर व कॉफी एकत्र उकळून त्यावर जायफळ किसतात, आणि बारामती-इंदापूरसारख्या दुधाच्या आणि साखर कारखान्यांच्या मुलखात त्या रीतीला सोडचिठ्ठी देण्याचे काहीच कारण नाही. बदलायचे ते एवढेच की कॉफी दुधात उकळू नये, कारण उकळत राहिलेली पूड चांगले घटक देऊन झाल्यावरही कडू व तुरट घटक सोडत राहते. दुधासाठी एकास आठ प्रमाणात घट्ट अर्क काढावा आणि तितकेच दूध वेगळे, वाफ येईपर्यंतच तापवून त्यात मिसळावे. दुधातील केसीन हे प्रथिन तुरट घटकांना बांधून ठेवते, त्यामुळे दुधाची कॉफी मऊ लागते, पण त्याबरोबर फळासारखा आंबटपणाही झाकला जातो. म्हशीच्या दुधात स्निग्धांश अधिक असल्याने हे झाकणे जास्त होते, तेव्हा मध्यम भाजलेल्या कॉफीला गाईचे दूध अधिक मानवते. साखरेऐवजी गूळ घालायचा असल्यास तो शेवटी, कप शेगडीपासून दूर असताना घालावा, कारण गुळाने तापते दूध फाटण्याची भीती असते. जायफळाची एक चिमूटही पुरे होते आणि तेही कपात वरून किसलेले असावे.