संगणकावरील उपद्रवी जाहिराती : कारणमीमांसा व निर्मूलन

अहिल्यानगर जिल्ह्यात (२०२४ पूर्वीचे नाव अहमदनगर) संगणकाचा वापर आता शहरापुरता मर्यादित राहिलेला नाही. राहुरी, अकोले, जामखेड यांसारख्या तालुक्यांतही सात-बाराचा उतारा, पीकविम्याचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला ही कामे सेवा केंद्रातील संगणकावर होतात. टंकलेखनाच्या शासकीय परीक्षेची तयारीदेखील जुन्या टंकयंत्राऐवजी संगणकावर केली जाते. अशा ठिकाणी एकाच संगणकापुढे दिवसभरात अनेक माणसे बसतात आणि कोणी काय उतरवून घेतले याचा मागमूस राहत नाही. मग एके दिवशी पडद्यावर न मागितलेल्या जाहिराती उघडू लागतात. त्या मिटवाव्यात तो दुसऱ्या पुढे येतात. ही केवळ गैरसोय समजून दुर्लक्ष करण्याकडे लोकांचा कल असतो. परंतु ज्या यंत्रावर शेकडो ग्रामस्थांचे आधार क्रमांक व बँकेच्या खात्यांचे तपशील नोंदविले जातात, तेथे हे दुर्लक्ष महागात पडण्याचा संभव आहे. यास्तव या उपद्रवाचे मूळ व त्याच्या निर्मूलनाचा क्रम यांचे विवेचन प्रस्तुत लेखात योजिले आहे.

व्याधीचे स्वरूप

अशा जाहिराती दाखविणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘ॲडवेअर’ म्हणतात. विषाणू आणि ॲडवेअर यांत भेद आहे. विषाणू आपल्या प्रती स्वतःच तयार करून पसरतो. ॲडवेअर बहुधा वापरणाऱ्याच्या संमतीनेच आत येते, मात्र ती संमती त्याच्याकडून नकळत घेतलेली असते. आंब्यावरील बांडगुळाशी त्याची तुलना करता येईल. बांडगूळ झाडाला तत्काळ मारीत नाही, कारण त्याच्याच रसावर त्याला जगावयाचे असते. जाहिरात दिसल्याबद्दल वा तिच्यावर कळ दाबली गेल्याबद्दल मोबदला मिळतो. म्हणून संगणक चालू राहावा, पण जाहिराती थांबू नयेत, अशीच ॲडवेअरच्या कर्त्याची इच्छा असते.

आपोआप उघडणाऱ्या जाहिरात-खिडकीची कल्पना १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘ट्रायपॉड’ या अमेरिकन संकेतस्थळावर काम करणाऱ्या ईथन झुकरमन यांनी अंमलात आणली. पानावरील मजकुराशी जाहिरातदाराचा संबंध जोडला जाऊ नये, एवढाच त्यांचा हेतू होता. त्याबद्दल त्यांनी २०१४ मध्ये जाहीर क्षमायाचनाही केली. पुढे ब्राउझरच अशा खिडक्या अडवू लागले. तेव्हा जाहिरातखोरांनी निराळे मार्ग शोधले.

प्रवेशाचे तीन मार्ग

पहिला मार्ग मोफत सॉफ्टवेअरच्या पुडक्याचा होय. मराठी फाँट किंवा फाँट बदलण्याचे साधन कोणत्या तरी संकेतस्थळावरून उतरविताना ‘पुढे’, ‘पुढे’ अशी बटणे दाबली जातात व त्याबरोबर दुसरे दोन प्रोग्रामही आत शिरतात. दुसरा मार्ग ब्राउझरला जोडल्या जाणाऱ्या ‘एक्स्टेन्शन’चा. तिसरा मार्ग सूचना दाखविण्याच्या परवानगीचा : ‘आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अनुमती द्या’ अशी बतावणी करून ही परवानगी घेतली जाते.

कोणता मार्ग वापरला गेला हे लक्षणांवरून बरेचसे ओळखता येते. पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात लहान चौकट येत असेल व तीत एखाद्या संकेतस्थळाचे नाव असेल, तर दोष परवानगीचा आहे. जाहिराती एकाच ब्राउझरमध्ये दिसत असतील, तर एक्स्टेन्शनचा संशय घ्यावा. सर्व ब्राउझरमध्ये दिसत असतील, तर बहुधा संगणकातच एखादा प्रोग्राम बसलेला असतो.

धोका किती

२०१७ च्या जूनमध्ये ‘चेक पॉइंट’ या सुरक्षा-संस्थेने ‘फायरबॉल’ नामक ॲडवेअरचा अहवाल प्रसिद्ध केला. जगात २५ कोटींहून अधिक आणि भारतात सुमारे २ कोटी ५३ लाख संगणक बाधित असल्याचा तिचा अंदाज होता. हे आकडे फुगविलेले आहेत असे मायक्रोसॉफ्टने पुढे म्हटले. परंतु मूळ मुद्दा त्यामुळे बाधित होत नाही. फायरबॉल मुखपृष्ठ व शोधयंत्र तर बदलीत असेच, शिवाय दुसरी कोणतीही आज्ञावली संगणकात आणून चालविण्याचे सामर्थ्य त्याच्या ठायी होते. २०१५ मध्ये लेनोव्होच्या काही संगणकांवर विक्रीपूर्वीच बसविलेले ‘सुपरफिश’ उघडकीस आले. जाहिराती घुसविण्यासाठी ते स्वतःचे प्रमाणपत्र वापरून सुरक्षित संपर्कातही शिरत असे. म्हणजे जाहिरातीसाठी उघडलेले दार चोरालाही उपयोगी पडते.

निर्मूलनाचा क्रम

‘आपला संगणक दूषित झाला आहे, या क्रमांकावर फोन करा’ असे पडद्यावर दिसल्यास फोन मुळीच करू नये. खऱ्या सुरक्षा-इशाऱ्यात फोन क्रमांक नसतो. खिडकी ‘ऑल्ट’ व ‘एफ-४’ या कळा एकत्र दाबून बंद करावी. त्यानंतर पुढील क्रमाने काम करावे.

प्रथम ‘सेटिंग्ज’मधील ‘ॲप्स’ची यादी बसविल्याच्या तारखेप्रमाणे लावावी आणि उपद्रव सुरू झाला त्या सुमाराचे अनोळखी प्रोग्राम काढून टाकावेत. हे काम आधी करण्याचे कारण असे की, मूळ प्रोग्राम शिल्लक राहिल्यास काढलेले एक्स्टेन्शन तो पुन्हा बसवू शकतो. नंतर ब्राउझरमधील अनावश्यक एक्स्टेन्शने काढावीत. खाजगी संगणकावरही ‘आपल्या संस्थेच्या नियंत्रणाखाली’ असा मजकूर दिसून एक्स्टेन्शन निघत नसेल, तर ॲडवेअरने धोरणाचा खोटा नियम पेरला असण्याचा संभव असतो. तेथे जाणकाराची मदत घ्यावी. तिसऱ्या टप्प्यात सूचनांच्या परवानग्या तपासून अनोळखी संकेतस्थळांच्या रद्द कराव्यात. चौथ्या टप्प्यात मुखपृष्ठ व शोधयंत्र पूर्ववत करावे. ब्राउझरच्या शॉर्टकटच्या गुणधर्मांत ‘.ईएक्सई’च्या पुढे एखादा पत्ता जोडलेला असल्यास तोही पुसावा.

शेवटी विंडोजमधील ‘डिफेंडर’ने संपूर्ण तपासणी करावी. मालवेअरबाइट्सचे ‘ॲडडब्ल्यूक्लीनर’ याच कामासाठी मोफत मिळते. केंद्र शासनाच्या ‘सर्ट-इन’ने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सुरू केलेल्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’नेही मोफत साधने उपलब्ध केली आहेत. साधन मात्र कर्त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावे. सफाईच्या नावाने ॲडवेअर विकणारेही पुष्कळ आहेत. इतके करूनही उपद्रव परतला, तर त्याच खात्याने जोडलेला दुसरा संगणक तपासावा. ब्राउझरचे खाते काढलेले एक्स्टेन्शन तेथून परत आणू शकते. सफाईनंतर महत्त्वाचे पासवर्ड बदलणे इष्ट होय.

प्रतिबंध

सार्वजनिक वापराच्या संगणकावर नवे प्रोग्राम बसविण्याचा अधिकार नसलेले वेगळे खाते ठेवावे. निम्मा प्रश्न तेथेच सुटतो. मराठी टंकनासाठी बाहेरून साधन आणण्याचे फारसे कारण उरलेले नाही. मराठी कळफलक विंडोजमध्येच आहे आणि उच्चारानुसारी कळफलकही २०१९ पासून त्यात आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही केंद्रचालकांनी ध्यानी घ्यावे. संगणकात अपायकारक आज्ञावली परवानगीवाचून घुसविणाऱ्यावर माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ अन्वये नुकसानभरपाईची जबाबदारी येते. फसवणुकीने पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

बांडगुळाची नुसती पाने छाटल्यास ते पुन्हा फुटते. ज्या फांदीत त्याने मूळ धरले ती फांदीच खालून कापावी लागते. खिडक्या मिटवीत बसणे म्हणजे पाने छाटणे होय. आपल्यावर विश्वास टाकून अंगठा व कागदपत्रे पुढे करणाऱ्या ग्रामस्थासाठी केंद्रचालकाने मुळापर्यंत जाणे, हे त्याचे कर्तव्यच ठरते.