थंडीतला मोटारसायकल प्रवास

आपला चंद्रपूर जिल्हा कडक उन्हाळ्यासाठी प्रसिद्ध आहे. मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांच्याही वर जातो. पण याच भागात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास, तर कधी त्याच्याही खाली उतरतो. घनदाट जंगल, नद्या आणि गावोगावचे तलाव यांमुळे ही थंडी अधिकच झोंबते. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा तर बहुतांश जंगलाचाच आहे.

या दोन्ही जिल्ह्यांत गावे दूरदूर वसलेली आहेत. एस. टी. ची बस सगळीकडे वेळेवर मिळतेच असे नाही. त्यामुळे दवाखाना असो, आठवड्याचा बाजार असो किंवा खाणीतील पहिली पाळी असो, मोटारसायकलच कामी येते. तुमचे अब्बा, चाचा किंवा भाईजान थंडीत पहाटे गाडी घेऊन निघत असतील. कधी तुम्हीही त्यांच्या मागे बसत असाल. म्हणून थंडी आणि मोटारसायकल यांचा संबंध आपण नीट समजून घेऊ या.

थंडीचा परिणाम गाडीपेक्षा गाडी चालवणाऱ्यावर जास्त होतो. आपल्या शरीराभोवती उबदार हवेचा एक पातळ थर असतो. गाडी वेगाने धावू लागली की वारा हा थर सतत उडवून नेतो. हवेचे तापमान १० अंश असेल आणि गाडीचा वेग ताशी ५० किलोमीटर असेल, तर उघड्या त्वचेला सुमारे साडेपाच अंशांची थंडी वाजते. अशा वेळी शरीर हृदय, फुप्फुसे यांसारखे महत्त्वाचे अवयव उबदार ठेवण्यासाठी हातापायांकडे जाणारे रक्त कमी करते. बोटे बधिर होतात. ब्रेक आणि क्लच मात्र याच बोटांनी दाबायचे असतात!

आता एक सोपे गणित करा. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर अंतर कापते. गारठलेल्या बोटांनी ब्रेक दाबायला फक्त अर्धा सेकंद उशीर झाला, तरी गाडी ७ मीटर पुढे जाते. सात मीटर म्हणजे साधारण एका वर्गखोलीची लांबी. समोर बैलबंडी असेल, तर तेवढ्या अंतरातच जीव वाचतो किंवा जातो. थंडी आपल्याकडून हा अर्धा सेकंद चोरते. तो वाचवण्यासाठी काय करावे, ते आता पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे कपडे. नुसता स्वेटर पुरत नाही, कारण विणीच्या छिद्रांतून वारा आत शिरतो. स्वेटरवर पावसाळ्यातला रेनकोट घातला, तरी वारा अडतो. छातीवर स्वेटरच्या आत वर्तमानपत्राची घडी ठेवण्याची जुनी युक्तीही चांगली आहे. कागदाच्या थरांमध्ये हवा अडकून राहते आणि हवा ही उष्णतेची मंदवाहक असते. हातमोजे घालावेत, पण ते इतके जाड नसावेत की ब्रेकची दांडी हाताला जाणवणार नाही. हेल्मेटखाली जाड मफलर गुंडाळू नये. त्यामुळे हेल्मेट डोक्यावर घट्ट बसत नाही आणि मागच्या गाडीचा हॉर्नही ऐकू येत नाही. शाल, ओढणी किंवा बुरख्याचे टोक मोकळे सोडू नये. ते चाकात किंवा साखळीत अडकले, तर क्षणात अपघात होतो.

बोटांना मुंग्या येऊ लागल्या किंवा अंगात कापरे भरले, तर रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबावे. हात काखेत धरून गरम करावेत. बधिर हात शेकोटीच्या अगदी जवळ किंवा गरम सायलेन्सरवर धरू नयेत, कारण चटका बसलेलाही लवकर कळत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे रस्ता. रात्री पडलेले दव, ज्याला तुम्ही शबनम म्हणता, ते झाडांच्या सावलीत उशिरापर्यंत सुकत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये धानाची कापणी आणि मळणी चालू असते. रस्त्यावर तणस सांडलेली असते आणि ओली तणस फार निसरडी असते. अशा जागी एकदम ब्रेक दाबू नये किंवा गाडी झटकन वळवू नये. आधीच वेग कमी करून सरळ पुढे जावे. धानाने भरलेल्या बैलबंड्यांना आणि काही ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, हेही लक्षात ठेवावे.

वैनगंगेच्या काठी आणि मामा तलावांच्या जवळ पहाटे दाट धुके असते. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. पाण्यावरून उठणारी वाफ थंड हवेत थिजते आणि तिचे बारीक थेंब हवेत तरंगतात. तेच धुके. धुक्यात दिव्याचा लांब झोत टाकला, तर उजेड या थेंबांवरून परत आपल्याच डोळ्यांवर येतो. म्हणून झोत खाली ठेवावा आणि रस्त्याच्या डाव्या कडेचा अंदाज घेत सावकाश जावे. कोळशाच्या किंवा लोहखनिजाच्या ट्रकमागे चिकटून जाऊ नये. काहीच दिसत नसेल, तर रस्त्यावर न थांबता रस्ता सोडून बाजूला उभे राहावे.

तिसरी गोष्ट म्हणजे जंगल. पहाट आणि संध्याकाळ ही वन्यप्राण्यांच्या हालचालीची वेळ असते. चंद्रपूर-मूल रस्त्यासारखे आपले कितीतरी रस्ते जंगलातून जातात. एक चितळ रस्ता ओलांडून गेले, म्हणजे रस्ता मोकळा झाला असे समजू नये. त्याच्यामागे कळप असू शकतो. रानडुकरे आणि नीलगायी तर शेतातून एकाएकी रस्त्यावर येतात. वाघ, अस्वल किंवा रानगवा दिसला, तर दूरच थांबावे आणि त्याला जाऊ द्यावे. गाडीवरून उतरू नये आणि फोटो काढण्यासाठी जवळ जाऊ नये.

चौथी गोष्ट म्हणजे झोप. दिवाळीनंतर आपल्याकडे झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे या नाटक मंडळ्यांचे मोठे केंद्र आहे. नाटक रात्रभर चालते आणि पहाटे प्रेक्षक आपापल्या गावी निघतात. नाटक अवश्य पाहावे, पण जागरण, गारठा आणि धुके हे तिन्ही एकत्र आले म्हणजे जिवाला धोका असतो. दोन तास उशीर झाला तरी चालेल. झोप काढून, ऊन वर आल्यावरच निघावे.

गाडीकडेही लक्ष द्यावे. थंडीत हवा आकसते, म्हणून टायरमधील हवा तपासावी. ब्रेक आणि मागचा लाल दिवा पाहून घ्यावा. गाडी गरम करण्यासाठी बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू दिसत नाही, त्याला वासही येत नाही, पण तो प्राणघातक असतो.

तुम्ही म्हणाल, "सर, आम्ही तर अजून गाडी चालवत नाही. मग हे आम्हांला कशाला?" बरोबर आहे. गियरच्या मोटारसायकलचा परवाना वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. मुलाने त्याआधी गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९ मधील कायद्याच्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण मागे बसणाऱ्याचेही कर्तव्य असते. त्यानेही हेल्मेट घालावे. कायद्यानेही ते आवश्यक आहे. गाडीवर दोघांपेक्षा जास्त जणांनी बसू नये. मागे बसून डुलक्या घेऊ नयेत आणि "लवकर चला, शाळेला उशीर होतोय" असा घोशा तर मुळीच लावू नये.

शेवटी आणखी एक हिशेब पाहा. ३० किलोमीटर अंतर ताशी ६० च्या वेगाने अर्ध्या तासात संपते आणि ताशी ४० च्या वेगाने पाऊण तासात. फरक फक्त १५ मिनिटांचा! पण ६० च्या वेगात ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला ४० च्या वेगापेक्षा सव्वादोन पट अंतर लागते. म्हणून ज्यांना जमेल, त्यांनी ऊन पडल्यावर निघावे. ज्यांना पहाटेच जाणे भाग आहे, त्यांनी घरातून १५ मिनिटे आधी निघावे. थंडीने चोरलेला अर्धा सेकंद या १५ मिनिटांनी भरून निघतो. आज घरी गेल्यावर हा हिशेब वहीत मांडा आणि अब्बांना किंवा भाईजानना वाचून दाखवा. गाडी त्यांच्या हातात असली, तरी ही आठवण करून देणे तुमच्या हातात आहे.