ओळखीपाळखीतून रोजगार : कोणाला भेटावे, काय विचारावे?

आपल्या कारागीर व व्यापारी कुटुंबांतील मुले-मुली आता शिकू लागली आहेत. आयटीआय, डिप्लोमा, बी.कॉम. होऊन ती घरी येतात आणि खरा प्रश्न तेथून सुरू होतो. जाहिराती पाहून अर्जामागून अर्ज पाठविले जातात, उत्तर येत नाही. वडील म्हणतात, "आपला कुठे वशिला नाही." अखेर मुलगा पुन्हा लूमवर किंवा दुकानाच्या गल्ल्यावर बसतो. त्या धंद्यातही आता दोन कुटुंबे पोसण्याइतकी कमाई राहिलेली नसते.

उत्तर न येण्याचे खापर दरवेळी नशिबावर फोडता येणार नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठविले होते. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची संधी सुमारे एक तृतीयांश निघाली. हा अन्याय आहे व त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. परंतु तोवर घरातील चूल थांबत नाही. टपालातील नाव बाजूला सारणे सोपे असते. ओळखीच्या माणसाचा निरोप आणि हातात कामाचा नमुना घेऊन समोर उभा राहिलेला तरुण बाजूला सारणे तितके सोपे नसते.

लांबची ओळख अधिक कामाची

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यूटन येथे नोकरी बदललेल्या लोकांची पाहणी केली. त्यावरील त्याचा गाजलेला लेख १९७३ साली आला. सुमारे ५६ टक्के लोकांना नोकरी ओळखीतून मिळाली होती. नवल पुढेच आहे. ज्यांच्याकडून नोकरीची खबर मिळाली, त्यांच्यापैकी वरचेवर भेटणारे जेमतेम सहात एक होते. बाकीचे अधूनमधून किंवा क्वचितच भेटणारे होते.

कारण साधे आहे. घरचे, मोहल्ल्यातले व रोजच्या बैठकीतले लोक जे जाणतात, ते आपल्यालाही आधीच ठाऊक असते. मालेगाव किंवा भिवंडीच्या लूम कारागिराचे सारे सगेसोयरे लूमच्याच धंद्यात असतील, तर मंदीच्या दिवसांत सगळ्यांकडे एकच बातमी असते : काम नाही. नवी बातमी बाहेरचा माणूस आणतो. सूत पुरविणारा व्यापारी, ट्रान्सपोर्टवाला, हिशेब पाहणारा सी.ए., मशीन दुरुस्त करणारा फिटर, मुलांचे जुने शिक्षक, हे रोज दहा ठिकाणी जातात. कोठे माणूस हवा आहे, हे त्यांना जाहिरातीच्या आधी कळते. लहान कारखानदार तर बहुधा जाहिरात देतच नाही, कामगारांनाच सांगतो, "कोणी चांगला असेल तर आणा."

मूसा (अ.) मदयनमध्ये

परक्या गावात कोणाचीही ओळख नसताना काम कसे मिळते, याचे उदाहरण कुरआनच्या सूरह कससमध्ये आहे. ह. मूसा (अ.) मदयनला पोहोचले तेव्हा ते निराधार होते. विहिरीवर ताटकळणाऱ्या दोन मुलींच्या जनावरांना त्यांनी पाणी पाजले, त्याबद्दल काही मागितले नाही. पुढे त्यांतील एकीने वडिलांना त्यांना कामावर ठेवण्यास सुचविले आणि दोन गुण सांगितले : अंगात ताकद आणि विश्वासूपणा. आठ वर्षांच्या चाकरीचा करार ठरला, दहा पूर्ण करणे त्यांच्या मर्जीवर राहिले. आधी काम दिसले, मग शिफारस झाली, ही त्यातील क्रमवारी ध्यानात घ्यावी.

ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) हिजरत करून मदीनेस आले, तेव्हा त्यांच्या अन्सारी बंधूने त्यांना आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. त्यांनी दुआ दिली आणि बाजार कोठे आहे एवढेच विचारले. मदत मागण्यात लाज वाटते म्हणणाऱ्या तरुणांनी यावर विचार करावा. माहिती विचारणे म्हणजे हात पसरणे नव्हे.

वशिला आणि शिफारस यांतील फरकही स्पष्ट असावा. पैसे देऊन किंवा लायक माणसाचा हक्क मारून मिळविलेली जागा हा वशिला. जे पाहिले ते खरेखरे सांगणे ही साक्ष आहे. सूरह निसानुसार चांगल्या शिफारशीच्या पुण्यात सांगणाऱ्याचाही वाटा असतो आणि वाईट शिफारशीचे ओझेही त्याच्यावर येते.

भेटीला जाताना

१) आधी वहीत ५० नावे लिहा. नातेवाईक शेवटी, धंद्यातले व शाळेतले लोक आधी.

२) फोनवर चार वाक्ये पुरेत : आपले नाव, कोणी पाठविले, काय काम येते, आणि दहा मिनिटे केव्हा भेटता येईल. "काहीही काम करीन" असे म्हणू नये. ऐकणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. "टॅलीवर खरेदी-विक्रीच्या नोंदी व जीएसटीचे काम येते," यातून कळते.

३) ओळख नसेल तरी एमआयडीसीत थेट जावे. गेटवर वॉचमनशी नम्रतेने बोलावे, सुपरवायझरचे नाव विचारावे. दुकानात बोहनी होण्याआधी किंवा गिऱ्हाइकांच्या गर्दीत शिरू नये. ईदच्या तोंडावर कापड व चपलांच्या दुकानांत जादा माणसे लागतात, म्हणून तेथे रमजानच्या आधीच विचारावे.

४) नमुना सोबत असावा. शिंप्याने शिवलेला शर्ट, वेल्डरने जोड, हिशेबनीसाने नमुन्याचे खाते न्यावे.

५) जागा नाही म्हटल्यास उठू नये. "मी आणखी कोणाला भेटावे?" असे विचारावे. एका नकारातून दोन नावे मिळाली तर फेरी फुकट गेली नाही.

६) तारीख, नाव, काय बोलणे झाले आणि पुन्हा केव्हा फोन करायचा, हे वहीत टिपावे. नोकरी लागल्यावर वाट दाखविणाऱ्या प्रत्येकाला कळवावे.

आखाती देशांतील नोकरीबाबत मात्र ओळखीवर विसंबू नये. एजंट सरकारदरबारी नोंदलेला आहे की नाही, हे ई-मायग्रेट पोर्टलवर पाहावे. टुरिस्ट व्हिसावर "तिथे गेल्यावर काम लावू" म्हणणारा गाववालाही असो, पासपोर्ट व पैसे त्याच्या हाती देऊ नयेत.

व्यापारी बांधवांना

ओळख नसताना दार ठोठावण्याची कला आपल्याला शिकविण्याची गरज नाही. नमुन्यांची पिशवी घेऊन अनोळखी गावच्या दुकानांच्या पायऱ्या चढतच आपला धंदा वाढला आहे. दहा दुकानांनी नको म्हटले तरी अकराव्यात शिरायचे, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. मुलींच्या बाबतीत तर वडिलांची ओळख त्यांच्या शिक्षणाच्या क्षेत्रापर्यंत पोहोचतच नाही. तिथे शिक्षिका व मैत्रिणींच्या घरच्यांशी बोलावे लागेल.

या आठवड्यात आपल्या फोनमधील दोन नावे एखाद्या होतकरू मुलाला किंवा मुलीला द्या, आणि त्या दोघांना आधी फोन करून सांगा. खोटी स्तुती नको. मूल कष्टाळू व प्रामाणिक आहे, हे माहीत असेल तर तेवढेच सांगा. रोजी देणारा अल्लाह आहे. वाट दाखविण्याचे काम आपल्या हाती आहे.