लहरींचे गायरान

आकाशाला कुंपण नाही. मग त्यातून जाणाऱ्या बिनतारी लहरींवर सरकारचा परवाना कशासाठी, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे.

एका मांडवात दोन कीर्तनकार एकाच वेळी उभे राहिले, तर दोघांचेही निरूपण वाया जाते. लहरींचे तसेच आहे. एकाच टापूत, एकाच कंपनसंख्येवर दोन यंत्रे बोलू लागली की ऐकणाऱ्याच्या पदरी गोंगाट पडतो. आणि ऐकणारा विमानाचा चालक असेल, तर हा गोंगाट जीवावर बेततो. म्हणून पाटाच्या पाण्याप्रमाणे लहरींचीही वाटणी करावी लागते.

परंतु वाटणी करणारा म्हणजे मालक नव्हे. १९३३ च्या कायद्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरविला. घरच्या रेडिओलासुद्धा परवाना लागे. रेडिओ बोलत नाही, ऐकतो. तेथे वाटणीचा प्रश्न कोठे होता? पुढे ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. २०१२ साली त्याच न्यायालयाने मनमानी वाटपामुळे दूरध्वनी कंपन्यांचे १२२ परवाने रद्द केले. त्यानंतर लिलावाची पद्धत रूढ झाली.

लिलाव चोख असला तरी सारे शिवार विकून चालत नाही. गावाला गायरानही लागते. २००५ साली २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवानामुक्त झाला. आपल्या घरातील वायफाय आणि ब्लूटूथ याच गायरानावर चरतात. येथे परवाना नाही, पण शिस्त आहे: यंत्राची शक्ती ठरलेल्या मर्यादेत हवी. आवाज लहान असला की तो दूर जाण्याआधीच विरतो, आणि तीच कंपनसंख्या पलीकडच्या आळीत पुन्हा वापरता येते. मात्र शेजाऱ्याच्या यंत्राने अडथळा आला, तर संरक्षण मागता येत नाही. अन्न तापविणारी मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्यात चालते. ती सुरू होताच कधीकधी वायफाय अडखळते, ते यामुळेच.

तेव्हा नियमनाची कसोटी सोपी आहे. एखादे बंधन दुसऱ्याच्या संदेशाचे रक्षण करीत असेल, तर ते आपण आनंदाने पाळावे. नसेल, तर त्याचे कारण विचारावे. विश्वस्ताकडे हिशेब मागणे हा अविश्वास नव्हे, ते मालकाचे कर्तव्यच आहे; आणि या मालमत्तेचे मालक आपण सर्व आहोत.