पायी चालण्याजोगी वस्ती : नवागत कुटुंबाच्या निवासनिवडीचा विचार

एका गावाहून दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलविणाऱ्या कुटुंबापुढे जे प्रश्न उभे राहतात, त्यांत जागेच्या निवडीचा प्रश्न सर्वांत दूरगामी असतो. त्याचा विचार बहुधा तीन अंगांनी केला जातो : भाडे किंवा किंमत किती, खोल्या किती, आणि कचेरी किती लांब. या तिन्ही गोष्टींचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या कुटुंबात लहान मूल आहे, त्याच्या दैनंदिन जीवनाची घडण घराच्या आसपास पायी कोठे आणि कसे जाता येते यावरही मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. वस्तीच्या या गुणास चालण्याजोगेपणा असे म्हणता येईल. हा गुण म्हणजे नेमके काय, तो कोणाच्या पावलांनी मोजावयाचा, आणि पुण्यासारख्या शहरात नव्याने येणाऱ्या तरुण कुटुंबाने त्याची पारख कशी करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. कल्पनेची पूर्वपीठिका

मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचा विभाग सुरू झाला. त्याचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस हे १९१४ पासून हिंदुस्थानातील नगरांची पाहणी करीत होते. नगराचे निदान आधी आणि उपचार नंतर, हे त्यांचे सूत्र होते. जुन्या वस्त्या सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्यास त्यांचा विरोध असे. मोजकीच घरे काढून, बोळ व चौक यांची मूळ वीण राखून सुधारणा करावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. वस्तीचे मूल्य तेथील रहिवाशांच्या नित्य व्यवहारावरून ठरवावे, हा विचार त्यात अनुस्यूत आहे.

अमेरिकेत क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये शेजार-घटकाची कल्पना मांडली. एका प्राथमिक शाळेस पुरेल इतकी लोकसंख्या, सुमारे १६० एकर क्षेत्र, मध्यभागी शाळा, आणि तेथपर्यंतचे अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०० मीटर, असा त्यांचा आराखडा होता. मोठे रस्ते घटकाच्या सीमेवर असावेत, मुलाला शाळेस जाताना ते ओलांडावे लागू नयेत, ही त्यातील मुख्य अट होय. जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये या प्रकारच्या आखीव व आत्मसंतुष्ट घटकांवर कठोर टीका केली. रस्ता सुरक्षित राहतो तो त्यावर सतत कोणाची तरी नजर असल्यामुळे, आणि ही नजर दुकाने, घरे व कामाच्या जागा यांची सरमिसळ असेल तेथेच लाभते, असा त्यांचा युक्तिवाद होता.

भारतात हाच विचार शिक्षणाच्या वाटेने आला. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शेजारशाळेचा पुरस्कार केला. पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वये महाराष्ट्राने २०११ मध्ये केलेल्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी, असे अंतर ठरविण्यात आले. पेरी यांचा आराखडा आणि हा कायदा यांच्या प्रेरणा भिन्न आहेत. तथापि मुलाच्या पायी जाण्याच्या अंतरास दोहोंनी प्रमाण मानले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

२. अंतर आणि वाट

निरोगी प्रौढ मनुष्य मिनिटाला सुमारे ८० मीटर चालतो. चार वर्षांच्या मुलाचा हात धरून चालताना हा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. मूल मध्येच थांबते, कुत्र्याकडे पाहते, कडेवर घेण्याचा हट्ट धरते. म्हणून प्रौढाच्या दहा मिनिटांत ८०० मीटर सामावतात, तर मुलाच्या दहा मिनिटांत ४०० मीटरच. जागेच्या जाहिरातीत बाजार, शाळा, दवाखाना दहा मिनिटांवर असे म्हटलेले असते, तेव्हा ती मिनिटे कोणाची, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. पुष्कळदा ती दुचाकीची असतात.

दुसरा भेद नकाशावरील अंतर आणि प्रत्यक्ष वाट यांतील होय. सज्जातून दिसणारी शाळा सरळ रेषेत ३०० मीटरवर असेल. परंतु गृहसंकुलाला कुंपण असून फाटक विरुद्ध बाजूस असेल, तर तीच शाळा ८०० मीटरवर जाते. जुन्या पेठांतील बोळ व आडवाटा अशा वळशांतून सुटका करतात. रस्ते जितके जवळ जवळ एकमेकांस मिळतात, तितकी चालणाऱ्याची सोय अधिक.

तिसरा विचार वाटेच्या प्रतीचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पदपथावर किमान १.८ मीटर रुंदी चालण्यासाठी मोकळी असावी आणि पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. पदपथ उंच असला की बाबागाडी ढकलणारी व्यक्ती व वृद्ध माणूस रस्त्यावर उतरतात, आणि एकदा उतरले की पुन्हा वर चढत नाहीत. विजेच्या पेट्या, झाडांची आळी व उभ्या केलेल्या दुचाकी वगळून जी रुंदी उरते तीच खरी. पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि जंगली महाराज रस्त्यावरील पदपथ रुंद केले. परंतु एका रस्त्याचे उदाहरण सर्व प्रभागांस लागू पडत नाही. ज्या गल्लीत घर घ्यावयाचे, ती गल्लीच पाहिली पाहिजे.

रस्ता ओलांडणे ही वाटेतील सर्वांत कठीण पायरी. १८ मीटर रुंदीचा रस्ता सेकंदास १.२ मीटर वेगाने ओलांडण्यास १५ सेकंद लागतात, सेकंदास ०.८ मीटर चालणाऱ्या मुलास २२ सेकंदांहून अधिक. सिग्नलची मुदत पहिल्या हिशेबाने ठेवलेली असेल, तर मूल रस्त्याच्या मध्यावर असतानाच वाहने सुटतात. असा एक रस्ता वाटेत आला, की उरलेली वाट कितीही चांगली असली तरी मुलाला एकट्याने पाठविता येत नाही.

वाहतुकीचा परिणाम शेजारसंबंधांवरही होतो. डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्को येथील तीन सारख्या रस्त्यांचा अभ्यास केला. दिवसाला सुमारे २,००० वाहने जाणाऱ्या रस्त्यावरील रहिवाशांना त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. १६,००० वाहने जाणाऱ्या रस्त्यावर एकही पुरता नव्हता, सरासरी ०.९ होती. नव्या शहरात ज्या कुटुंबाचे कोणीच ओळखीचे नाही, त्याच्या दृष्टीने हा निष्कर्ष विशेष महत्त्वाचा ठरतो. अडीअडचणीला मूल तासभर कोणाकडे ठेवावे, या प्रश्नाचे उत्तर बहुधा शेजारातूनच मिळते.

३. फेऱ्यांची मोजणी

घर निवडताना कचेरीच्या अंतरास जे प्राधान्य मिळते, ते कचेरी महत्त्वाची असल्यामुळे. परंतु महत्त्व आणि वारंवारता या दोन भिन्न गोष्टी आहेत. उदाहरणादाखल असे गृहीत धरू की पती व पत्नी दोघेही आठवड्यातून पाच दिवस कामावर जातात आणि त्यांचे मूल सहा दिवस बालवाडीत जाते. कचेरीच्या फेऱ्या जाऊन-येऊन आठवड्यास २० होतात. बालवाडीला पोहोचविणे व परत आणणे यांत सोबत्याच्या दिवसाला चार, म्हणजे आठवड्यास २४ फेऱ्या होतात. पाच संध्याकाळी बागेत जाण्यायेण्याच्या १०, भाजी व वाणसामान यांच्या तीन खेपांच्या ६, आणि दूध, औषध, इस्त्री, पिठाची गिरणी अशा चार किरकोळ कामांच्या ८ धरल्या, तर घराभोवतीच्या फेऱ्यांची बेरीज ४८ भरते. कचेरीच्या फेऱ्यांच्या दुपटीहून ही संख्या अधिक आहे.

या फेऱ्या कोण करते, हा पुढचा प्रश्न. २०१९ च्या राष्ट्रीय कालविनियोग पाहणीत असे आढळले की घरातील बिनमोबदल्याचे काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, तर असे काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. कचेरीच्या अंतराकडेच पाहून निवडलेल्या घराचा भार त्यामुळे दोघांवर सारखा पडत नाही. पतीची अर्धा तास वाचविणारी निवड पत्नीच्या दिवसातून तुकड्यातुकड्यांनी दीड तास काढून घेऊ शकते. आणि हा वेळ एकसंध नसल्यामुळे तो गेल्याचे हिशेबात दिसतही नाही. नवीन शहरात आल्यावर नोकरी पुढे चालू ठेवणे पत्नीला जमेल की नाही, हे पुष्कळदा बालवाडी, पाळणाघर आणि घर यांच्यामधील अंतरावर ठरते.

४. पुण्यातील वस्त्यांचे प्रकार

या निकषांनी पाहता पुण्यातील वस्त्यांचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात.

पहिला प्रकार जुन्या पेठांचा. सदाशिव, नारायण, शनिवार, कसबा या पेठांत खाली दुकान व वर बिऱ्हाड ही रीत टिकून आहे. शाळा, देवळे, वैद्य, किराणा, भाजी हे सर्व पावलांच्या अंतरात असते; १८८६ मध्ये उघडलेली मंडई आजही चालू असून सप्टेंबर २०२४ पासून तेथे भुयारी मेट्रोचे स्थानकही झाले आहे. रस्त्यावर सतत कोणाची तरी नजर असते. दोष असा की पदपथ अरुंद वा अडलेले असतात, गोंगाट व धूर यांचा त्रास होतो, मोकळ्या जागा थोड्या, आणि जुन्या इमारतींत उद्वाहन नसल्यास बाबागाडी जिन्यावरून न्यावी लागते.

दुसरा प्रकार डेक्कन जिमखाना व एरंडवणे या भागांचा. बंगल्यांसाठी आखलेले भूखंड, आतील शांत व झाडांनी झाकलेले रस्ते, संभाजी उद्यान व कमला नेहरू उद्यान यांसारख्या बागा, यांमुळे मूल घेऊन चालण्यास हा भाग अनुकूल आहे. परंतु भाडी मोठी आहेत. आणि जंगली महाराज व फर्ग्युसन या एकेरी वाहतुकीच्या रस्त्यांवर वाहनांना वेग येत असल्याने ते ओलांडणे कठीण जाते.

तिसरा प्रकार कोथरूडसारख्या सहकारी गृहरचना संस्थांच्या उपनगरांचा. आतील रस्त्यांवर तळमजल्याची दुकाने, दवाखाने व शिकवणीवर्ग असल्याने नित्याची कामे पायी होतात. मार्च २०२२ मध्ये वनाझपासून मेट्रो सुरू झाल्याने दूरच्या प्रवासाचीही सोय झाली. येथे खरा प्रश्न असा की घर, शाळा आणि बाग पौड रस्त्याच्या वा कर्वे रस्त्याच्या एकाच बाजूस आहेत की नाहीत.

चौथा प्रकार बाणेर, वाकड, हिंजवडी या पश्चिमेकडील भागांतील मोठ्या गृहसंकुलांचा. माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील नोकरीसाठी येणाऱ्या कुटुंबाचे लक्ष प्रथम येथेच जाते. संकुलाच्या आत वाहनांची भीती न बाळगता मुले खेळतात, समवयस्क सोबती भरपूर मिळतात, उद्वाहन व बाग असते. हा लाभ लहान नव्हे. परंतु फाटकाबाहेर वाट अनेकदा खंडित होते, आणि मुंबई-बंगळूर महामार्ग व त्याचे सेवारस्ते पायी ओलांडणे धोक्याचे आहे. परिणामी कुंपणाबाहेरील प्रत्येक कामासाठी वाहन काढावे लागते.

५. मुलाचे वाढते वय

तीन वर्षांच्या मुलास जी वस्ती सोयीची, ती दहाव्या वर्षी तशीच राहते असे नाही. लहानपणी अंगण पुरते. आठव्या वर्षी कोपऱ्यावरच्या दुकानातून दही आणण्यास जाता आले पाहिजे. तेराव्या वर्षी ग्रंथालय, तालीम, मित्राचे घर येथे एकट्याने पोहोचता आले पाहिजे. इंग्लंडमध्ये मेयर हिलमन व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की सात-आठ वर्षांची सुमारे ८० टक्के मुले १९७१ मध्ये एकटी शाळेस जात. १९९० मध्ये हे प्रमाण ९ टक्क्यांवर आले. याचे मुख्य कारण पालकांना वाटणारी वाहतुकीची भीती हे होते. मूल एकटे जाऊ शकत नाही तेव्हा दोन माणसांचे स्वातंत्र्य कमी होते : एक मुलाचे आणि दुसरे त्याच्यासोबत जाणाऱ्याचे.

६. पारख आणि मर्यादा

प्रत्यक्ष पारखीची रीत साधी आहे. जागा पाहावयास रविवारी दुपारी न जाता कामाच्या दिवशी शाळा सुटण्याच्या वेळी जावे, आणि मुलाला बरोबर न्यावे. घरापासून बालवाडी, भाजीवाला, दवाखाना व बाग यांपर्यंत त्याच्या चालीने चालून मिनिटे मोजावीत. किती वेळा पदपथ सोडावा लागला आणि किती वेळा मुलाला उचलून घ्यावे लागले, याची नोंद ठेवावी. हीच फेरी रात्री आठ वाजता, आणि शक्य असल्यास पावसात, पुन्हा करावी. भाडेकरार सामान्यतः ११ महिन्यांचे असतात; म्हणून घर विकत घेण्यापूर्वी त्याच वस्तीत एक वर्ष भाड्याने राहिल्यास चारही ऋतूंतील अनुभव मिळतो.

तथापि ही निवड सर्वांना सारखी खुली नाही. चालण्याजोग्या वस्तीत जागा महाग असते, आणि मिळकत बेताची असलेल्या कुटुंबास लहान जागा किंवा लांबची वाट यांतून एक पत्करावे लागते. अशा वेळी वाहनाचा मासिक खर्च भाड्याच्या तुलनेत मांडून पाहावा. दुसरे वाहन घेण्याची गरज टळत असेल, तर एका खोलीचे जादा भाडे परवडण्यासारखे असू शकते. याहून गंभीर अडथळा सामाजिक आहे. जात, धर्म, आहार यांवरून भाडेकरू नाकारण्याची प्रथा शहरांतून गेलेली नाही, आणि ती सोयीच्या मध्यवर्ती वस्त्यांतही आढळते. ज्यांना अशा ठिकाणी जागा नाकारली जाते, त्यांच्या मुलांच्या वाटा आपोआप लांबतात. वस्तीच्या गुणाचा अभ्यास करताना ती कोणास उपलब्ध आहे, हा प्रश्न म्हणूनच वगळता येत नाही.

सारांश, वस्तीचा चालण्याजोगेपणा कुटुंबातील सर्वांत मंद चालणाऱ्याच्या पावलांनी, सर्वाधिक वेळा कराव्या लागणाऱ्या फेरीवर, आणि वाटेतील सर्वांत कठीण ओलांडणीपाशी मोजला पाहिजे. या तीन कसोट्यांना उतरणारे घर दोन खोल्यांचे असले, तरी तीन खोल्यांच्या दूरस्थ घरापेक्षा ते कुटुंबाला अधिक वेळ आणि अधिक शेजार देण्याचा संभव आहे.